साफ केलेलं रेकॉर्डिंग

मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी माझे यजमान गेले. ते आतल्या खोलीत गिटार वाजवत होते. मी कॉलेजला निघण्यासाठी चपला घालत होते. वाजणं थांबलं. मी दार ढकललं तेव्हा ते खुर्चीवर होते आणि गिटार फरशीवर होती. टेबलावर रेकॉर्डर होता.

तो रेकॉर्डर चालू होता की बंद, हे मी पाहिलं नाही. शेजारी आले, डॉक्टर आले, आणि टेबल सरकवताना कुणीतरी तो उचलून कपाटात ठेवला. माझ्या मनात मात्र तो चालूच राहिला. चालू असेल तर त्या सकाळचं सगळं त्यात असणार. वाजणं, मग थांबणं, आणि थांबल्यानंतरचंही. पुढे कित्येक दिवस मी त्या कपाटातून काही काढलं नाही. माझ्या दोन साड्या त्यात होत्या, त्याही राहू दिल्या.

ते रेल्वेच्या लेखा कार्यालयात होते. घराणं नागपूरकडचं, नोकरीमुळे रायपूरला आलेलं आणि इथेच राहिलेलं. नोकरीच्या सुरुवातीला नागपुरात एका निवृत्त रेल्वे गार्डनं त्यांना क्लासिकल गिटार शिकवली, पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकवलं आणि यांनी नागपूर सोडताना स्वतःच्या संग्रहातल्या कॅसेट दिल्या. त्यांच्या उजव्या हाताची नखं वाढवलेली असत आणि डाव्या हाताची मुळापासून कापलेली. नायलॉनच्या तारेतून भरीव स्वर काढायला नख लागतं, आणि तार दाबणाऱ्या बोटाला नख असून चालत नाही. कार्यालयातले एक सहकारी दर वेळी विचारायचे, "भैया, एक ही हाथ का ब्यूटी पार्लर में नंबर लगा था क्या?" उजव्या हाताचं नख तुटलं की ते पिंगपाँगच्या चेंडूचा कपचा कापून बोटाला चिकटवायचे. आमच्या घरात कधी कुणी पिंगपाँग खेळलं नाही, पण चेंडू नेहमी असायचे.

घरी आलेले लोक गिटार बघून खूश व्हायचे. कुणीतरी म्हणायचंच, "कोई पिक्चर का सुनाइए ना." ते हसून नाही म्हणायचे. त्यांचं वाजवणं साथीचं नव्हतं. या गिटारमध्ये एकट्यानंच सगळं करायचं असतं. अंगठा खालचे स्वर सांभाळतो, बाकीची बोटं वरची चाल. ऐकणाऱ्याला वाटतं की दोघं वाजवतायत. मला संगीतातलं फार कळत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, मला पुस्तकांचं कळतं, म्हणून ते मला पुस्तकांच्याच भाषेत सांगायचे. या वाद्याचं स्वतःचं साहित्य एका कपाटात मावेल एवढंच आहे, बाकीचं उसनं आणलेलं, ल्यूट नावाच्या जुन्या युरोपीय तंतुवाद्यावरून, पियानोवरून. त्या कपाटातले काही तुकडे निवडून एक पूर्ण कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, एवढीच त्यांची हौस होती. जुन्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या सरावासाठी लिहिलेले काही तुकडे, ल्यूटवरून आणलेलं एक संथ नृत्य, थोडे प्रील्यूड म्हणजे छोट्या मोकळ्या रचना, आणि शेवटी एक स्पॅनिश ट्रेमोलो. ट्रेमोलोमध्ये तीन बोटं एकच स्वर इतक्या भरभर छेडतात की तो सलग लांबल्यासारखा वाटतो. "गिटारला स्वर धरून ठेवता येत नाही," ते म्हणायचे. "छेडला की तो त्याच क्षणापासून मरायला लागतो. ट्रेमोलो म्हणजे त्याला मरू न देण्याची खटपट."

तेव्हा मी हे ऐकून मान हलवली होती आणि भाजी चिरत राहिले होते.

रेकॉर्डिंग सुरू झालं की घर भ्यायला लागायचं. हे वाक्य लिहिताना मला हसू येतंय, पण तसंच होतं. चौबे कॉलनीतलं आमचं घर रस्त्यालगत आहे. गॅरेज, शाळेच्या रिक्षा, लग्नाच्या वराती, भाजीवाला, समोरच्यांचा कुत्रा. या सगळ्यांच्या फटीतून शांततेचा तुकडा मिळाला की ते दार लावून घ्यायचे. मग फ्रिजची पिन काढायची. कुकर लावायचा नाही. मे महिन्यातसुद्धा कूलर बंद. सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणते, पदरानं वारा घेत पुटपुटायच्या, "वाजवून राहिला हा, अन् भाजून राहिलो आपण." मी त्यांना बोटानं गप्प करायचे. हातातला चमचा ठेवायलासुद्धा भीती वाटायची. दोन-दोन आठवड्यांच्या सरावानंतर जुळून आलेला तुकडा माझ्या चमच्यानं वाया गेला तर?

आणि तरीही काहीतरी राहायचंच. ते लॅपटॉपवर हेडफोन लावून ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे. शेजारच्यांचा कूलर आलाय. जाड तारांवरून बोट सरकताना होणारा किरकिर आवाज आलाय. खुर्ची वाजली. आणि सगळ्यात जास्त राग त्यांना स्वतःच्या श्वासाचा यायचा. अवघड जागा आली की ते नाकानं जोरात श्वास घ्यायचे, आणि मायक्रोफोन तो इमानेइतबारे पकडायचा. "म्हातारा जिना चढतोय असं वाटतं," ते म्हणायचे. "हे कुणीतरी काढून द्या रे मला." आमची मुलगी तेव्हा बारावीत होती. ती म्हणायची, "पापा, मैं निकाल दूँगी, बड़ी तो होने दो." ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच आहे.

मुलीनं त्यांचं हे बोलणं ऐकलं होतं. दुसरं एक बोलणं फक्त मी ऐकलं होतं. रविवारी दुपारी ते गार्डसाहेबांच्या कॅसेट लावायचे, पुढे त्याच जुन्या रेकॉर्डिंगच्या चांगल्या प्रती इंटरनेटवर मिळाल्या, त्या लावायचे. युरोपातल्या कुठल्या तरी हॉलमध्ये कधीचाच वाजवून गेलेला एखादा म्हातारा वादक. मध्येच माझा हात दाबून ते म्हणायचे, "ऐक, ऐक. इथे त्यानं श्वास घेतला." त्यांच्या तोंडावर असा आनंद असायचा, जणू तो वादक आमच्या दिवाणावर येऊन बसलाय. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला श्वास त्यांना हवा असायचा. स्वतःचा नको असायचा. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे, याकडे त्यांचंही लक्ष कधी गेलं नसावं.

ते गेल्यावर गिटार पेटीत ठेवायला माझा हात धजला नाही. ती स्टँडवर उभी राहिली. एप्रिलमध्ये एके दुपारी मी आणि आई बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आईंना खोकल्याची उबळ आली. खोकला थांबला आणि आतून बारीक हुंकारासारखा आवाज आला. लगेच विरला.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का तू?"

"काय?"

"वाजून राहिली ते."

मी आत गेले नाही. खोलीत एखादा आवाज झाला की गिटारची त्याच स्वराची तार आपोआप थरथरते, हे त्यांनीच मला कधीतरी दाखवलं होतं. मला ते माहीत होतं, आणि माहीत असण्याचा काही उपयोग नव्हता. त्या दिवसानंतर आई खोकला आला की तोंडाला पदर लावायच्या आणि मग दोघी कान देऊन बसायचो. कधी यायचा आवाज, कधी नाही. आला नाही तर जास्त भीती वाटायची.

रेकॉर्डरचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मुलगी आता पुण्यात नोकरी करते; ती तेरवीला होती, तेव्हाच मी तिला कपाट दाखवून म्हटलं होतं, "तू बघ. मी नाही बघणार." ती आत गेली. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं येऊन ती म्हणाली, "खाली है, मम्मी. कार्ड में कुछ भी नहीं है. उस दिन चालू ही नहीं किया था." त्यांची पद्धतच तशी होती. चांगलं झालेलं वाजवणं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, बिघडलेलं पुसायचं, आणि कार्ड मोकळं करून ठेवायचं.

म्हणजे सगळं लॅपटॉपवर होतं. मुलगी म्हणाली, लॅपटॉप मी पुण्याला नेते, सगळं नीट लावून आणते. मला सुटल्यासारखं झालं. लॅपटॉप घरात असता तर मला कधीतरी ऐकावं लागलं असतं. ऐकण्याची मला भीती होती. तो श्वास ऐकला की दार ढकलून आत जावंसं वाटेल, आणि आत खुर्ची असेल.

मे महिन्यात त्यांचा वाढदिवस असतो. मुलगी त्या दिवशी आली. संध्याकाळी नात्यातले चार जण आणि कार्यालयातले ते थट्टा करणारे सहकारी बसले होते. तिनं नवा स्पीकर आणला होता. "पापा का पूरा प्रोग्राम है," ती म्हणाली. "सब साफ़ किया है मैंने. दो महीने से रोज़ ऑफ़िस के बाद यही कर रही थी."

मी पदर मुठीत धरला आणि श्वासाची वाट पाहिली.

तो आलाच नाही. एकदम पहिला स्वर आला. मोकळा, चकचकीत. कूलर नाही, खुर्ची नाही, बोटांची किरकिर नाही. एक तुकडा संपला, दुसरा सुरू झाला. संथ नृत्याच्या शेवटी एक स्वर लांब राहतो आणि हळूहळू खोलीत मिसळतो, स्वर कुठे संपला आणि खोली कुठे सुरू झाली ते कळत नाही. तिथे तो स्वर मध्येच तुटला. कात्रीनं दोरा कापावा तसा. त्यानंतर निव्वळ काही नाही. आमची खोलीसुद्धा नाही.

"क्या बात है," सहकारी डोळे पुसत म्हणाले. "बिलकुल कैसेट जैसा. हम तो भैया के नाखून पर ही हँसते रह गए."

सगळे खूप चांगलं बोलले. मी चहा केला. माणसं गेल्यावर मी मुलीला विचारलं, "आधीचं कुठे आहे?"

"कौन सा आधीचं?"

"साफ करायच्या आधीचं. मूळ."

"वही तो है मम्मी. उसी को तो साफ़ किया."

"म्हणजे मूळ नाही?"

ती म्हणाली, "उसी पे सेव किया. दो-दो रखके क्या करते? उसमें तो आवाज़ें थीं." मग तिला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "पापा ही तो बोलते थे ना, कोई निकाल दो. मैंने पापा के लिए किया."

मला तिच्यावर रागवता आलं नाही. ती खरंच बोलत होती. त्यांनी मागितलेलं तिनं दिलं होतं, आणि ते द्यायला दोन महिने नोकरी सांभाळून बसली होती. मी एवढंच म्हटलं, "त्यात त्यांचा श्वास होता." ती एकदम रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं ठेवून. आई आतून म्हणाल्या, "काहून रडून राहिली पोट्टी? काय बोलली तू तिले?"

तोवर मी ऐकायला भीत होते. आता ऐकायला काही उरलं नाही, याची भीती वाटायला लागली. ही दुसरी भीती वेगळी होती. पहिलीत मी पळत होते, दुसरीत पळायला जागाच नव्हती. मुलीनं लॅपटॉप उघडून सगळे कप्पे धुंडाळले, पुण्याच्या मैत्रिणींना फोन केले. सगळ्यांनी तेच सांगितलं. एकावर दुसरं लिहिलं की खालचं गेलं.

कार्डाची आठवण तिलाच झाली. पुसलेलं कधीकधी कार्डावर असतं, ती म्हणाली, फक्त दिसत नाही, त्या जागी नवं काही लिहिलं गेलं नसलं तर. ब्राह्मणपाऱ्यात एका दुकानात असं काढून देतात, पण खात्रीनं सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्कूटीवर गेलो. कार्ड मी रुमालात गुंडाळून मुठीत धरलं होतं. ऊन एवढं होतं की रस्ता हलल्यासारखा दिसत होता आणि मला वाटत होतं, या उन्हानंच त्याचं काही होईल.

दुकानदारानं कार्ड लावून पाहिलं. "दीदी, क्या था इसमें? शादी का है?"

"गिटार," मुलगी म्हणाली. "मेरे पापा का."

"दूसरी कॉपी नहीं है?"

तिनं फोनवर साफ केलेलं लावलं. तो थोडं ऐकून खरोखर गोंधळला. "ये तो एकदम बढ़िया है. इससे अच्छा क्या निकलेगा? कार्ड में तो कचरा मिलेगा."

"कचराच पाहिजे," मी मराठीत म्हणाले. त्याला कळलं असावं. त्यानं कार्ड ठेवून घेतलं आणि फोन करतो म्हणाला.

फोन येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. मुलगी सुट्टी वाढवून राहिली. एक विचार मात्र आठवतो, कारण त्यानं मला जेवू दिलं नाही. त्या कार्डातून काही निघालंच, तर ते कुठल्या दिवशीचं असेल? मुलीनं कार्ड रिकामं आहे म्हटलं होतं. पण रिकाम्या कार्डातही पुसलेलं असतं, हे आता कळलं होतं. मग त्या मंगळवारचं? मी पुन्हा मार्चमध्ये, ओट्याला धरून उभी. मुलीला विचारायची लाज वाटली. शेवटी पोळ्या लाटताना माझं मलाच सुचलं. पुसायला हात लागतो. जे काही पुसलं ते त्यांच्या हातानं पुसलेलं होतं, म्हणजे पुसताना ते होते. त्या सकाळचं पुसायला कुणी नव्हतं. तेव्हा त्या कार्डात जे असेल ते आधीचंच असणार. एवढं सरळ गणित करायला मला कितीतरी दिवस लागले. मी गॅस बंद करून तिथेच थोडी रडले.

दुकानदारानं बरेच तुकडे काढले होते, पण जवळजवळ सगळे फाटलेले, नुसता खरखराट. एकच वाजत होतं. ते त्यानं मुलीच्या फोनवर घालून दिलं आणि आधीच माफी मागितली, "पूरा नहीं है दीदी. और बीच में कोई बोल रहा है."

आम्ही ते दुकानात ऐकलं नाही. घरी आलो, आईंना मधे बसवलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि लगेच नको म्हणावंसं वाटलं, पण तोवर तिनं लावलं होतं.

आधी शेजारच्यांचा कूलर आला. मग खुर्ची वाजली. मग त्यांनी नाकानं श्वास घेतला.

मुलीनं माझा दंड घट्ट धरला. मग ट्रेमोलो सुरू झाला, आधी जरा अडखळत, मग सलग, खाली अंगठा चालतोय, वर तो एकच स्वर थरथरतोय, आणि प्रत्येक वळणाआधी तो जिना चढणारा श्वास. हे वाजवणं त्यांच्या हिशेबी चांगलं नव्हतं. एका जागी तार नीट दाबली गेली नाही, स्वर बोंबलला. तरी ते थांबले नाहीत. आणि मग मध्यातच दार उघडल्याचा आवाज आला, आणि आईंचा.

"काहून रे, जेवाचं नाही का तुले?"

बोटं थांबली. शेवटचा स्वर मात्र वाजत राहिला, विरत विरत, तुटला नाही.

"आई, रेकॉर्डिंग करून राहिलो ना मी!"

"मंग कर ना. म्या काय तुह्या तारेले हात लावला?"

आणि ते हसले. रागावले नाहीत, हसले. मग रेकॉर्डिंग बंद.

आई फोनकडे बघत होत्या. त्या कधी रडतात ते कळत नाही, आवाज करत नाहीत. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी भरीत केलं होतं. गार होऊन गेलं."

"फिर खाया था क्या पापा ने, आजी?" मुलीनं विचारलं.

"हव. आला ना मंग. मले म्हणे, आई, तुहा आवाज आला त्याच्यात, आता तू फेमस."

मुलगी हसली, आणि हसता हसता परत रडली.

निघताना तिनं ती फाइल माझ्या फोनवर घातली आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली. मी म्हटलं, "हात लावू नको त्याला." म्हणायला नको होतं कदाचित. ती म्हणाली, "नहीं लगाऊँगी, मम्मी. कूलर को भी नहीं." स्टेशनवर गाडी सुटताना तिनं खिडकीतून पुन्हा मान हलवून नाही म्हटलं.

माझी भीती गेलेली नाही. फोन हातातून पडला की आधी ते रेकॉर्डिंग आठवतं. ते मी रोज ऐकत नाही. ऐकायचं ठरवलं की कूलर बंद करते, आईंना हाक मारते, आणि सुरू होण्याआधीच्या क्षणाला दर वेळी वाटतं की या वेळी श्वास येणार नाही. आतापर्यंत दर वेळी आलाय.

कार्यक्रम पूर्ण आहे, साफ आहे, लोकांना ऐकवण्यासारखा आहे. त्यांनी स्वतः पुसून टाकलेलं एक रेकॉर्डिंग आहे, अर्धं. ते माझ्या फोनमध्ये आहे, मुलीकडे आहे आणि एका डिस्कवर आहे. त्यात ते श्वास घेतात, चुकतात, थांबतात आणि आईशी बोलतात.